कमी दिवसांचे बाळ आणि वेळेवरचे औषध



पाड्यावरच्या आजारी बाळांसाठी काही करावे असे वाटले की मनात पहिला विचार येतो तो औषधांचा. अँटिबायोटिकचे खोके गोळा करून पाठवावेत, असे अनेकांना वाटते. त्यामागची कळकळ खरी असते. पण कमी दिवसांच्या, म्हणजे 37 आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या बाबतीत औषधाचा प्रश्न इतका सरळ नाही. त्याच्या रक्तात जंतू शिरले तर अँटिबायोटिकशिवाय ते वाचणे कठीण. आणि तेच औषध गरज नसताना किंवा गरजेपेक्षा जास्त दिवस दिले तर ते त्याच्याच जिवावर उठू शकते. या दोन्ही गोष्टी कशा खऱ्या आहेत, ते समजून घेऊ.

हे बाळ लवकर का आजारी पडते?

आईच्या रक्तातली रोगांशी लढणारी द्रव्ये वारेतून बाळाकडे जातात आणि त्यांतली बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत जातात. बाळ आधीच जन्मले तर ही शिदोरी अपुरी राहते. त्याची त्वचा पातळ असते आणि जंतूंना नीट अडवू शकत नाही. दूध ओढण्याची ताकद कमी असल्याने आईच्या चिकातून मिळणारे संरक्षणही कमी पडते. अंग लवकर थंड पडते. रुग्णालयात ठेवावे लागले तर सलाईनची सुई, दुधाची नळी, श्वासाची नळी लागते. या नळ्या बाळाला जगवतात, पण जंतूंना आत जायची वाटही करून देतात.

रक्तात जंतू पसरून सगळे शरीर आजारी पडते, त्याला डॉक्टर 'सेप्सिस' म्हणतात.

लक्षणे फसवी असतात

मोठ्या माणसाला संसर्ग झाला की ताप येतो. कमी दिवसांच्या बाळाला ताप येईलच असे नाही. उलट त्याचे अंग गार पडते. म्हणून पुढील खुणा घरातल्या प्रत्येकाला माहीत हव्यात :

- चांगले पिणारे बाळ पिईनासे होणे किंवा दूध कमी ओढणे
- अंग गार लागणे किंवा तापणे
- हातपाय ढिले पडणे, हालचाल मंदावणे, रडणे क्षीण होणे
- श्वास फार जलद चालणे, छाती आत ओढली जाणे, मध्येच श्वास थांबणे
- पोट फुगणे, सारख्या उलट्या होणे
- झटके येणे
- बेंबीतून पू येणे किंवा अंगावर पुष्कळ पुळ्या येणे

यांपैकी एकही खूण दिसली तर सकाळची वाट पाहू नये. हा आजार काही तासांतच बळावतो.

पहिला डोस आणि रक्ताची तपासणी

रुग्णालयात डॉक्टर शक्य तर आधी बाळाचे सुमारे एक मिलिलिटर रक्त घेतात. ते प्रयोगशाळेत ठेवून त्यात जंतू वाढतात का ते पाहतात. याला 'ब्लड कल्चर' म्हणतात. पण निकालासाठी उपचार थांबवत नाहीत. सर्वसाधारणपणे अँपिसिलिन आणि जेंटामायसिन ही जोडी लगेच सुरू करतात. जेंटामायसिन जास्त झाले तर मूत्रपिंडाला आणि कानाला इजा होऊ शकते. कमी दिवसांच्या बाळाची मूत्रपिंडे कच्ची असल्याने दोन डोसांमधले अंतर वाढवावे लागते. म्हणून वजन आणि दिवस पाहूनच मात्रा ठरते. घरात उरलेले किंवा दुसऱ्या मुलाचे औषध या बाळाला कधीही देऊ नये.

गडचिरोलीने काय दाखवले

'बाळ रुग्णालयात पोहोचलेच नाही तर?' हा प्रश्न आदिवासी भागात रोजचा आहे. त्याचे एक उत्तर महाराष्ट्रातच मिळाले. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी शिकवली. 39 गावांत त्या घरोघर जात, बाळाचे वजन करत, त्याला ऊबदार ठेवायला शिकवत आणि धोक्याच्या खुणा तपासत. सेप्सिसची लक्षणे दिसली की आधी रुग्णालयात नेण्याचा सल्ला देत. आईवडील जाऊ शकत नसतील तर त्यांच्या संमतीने जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि तोंडाने कोट्रायमोक्साझोल देत.

1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. सेप्सिस झालेल्या बाळांपैकी पूर्वी शेकडा 16.6 दगावत होती, ते प्रमाण 2.8 वर आले. तिसऱ्या वर्षी या गावांतला नवजात मृत्युदर तुलनेसाठी निवडलेल्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी कमी होता. कमी दिवसांच्या बाळांपैकी आधी साधारण तिसरा हिस्सा दगावत असे, तो पुढे दहाव्या हिश्श्यावर आला.

या यशात औषध स्वस्त आणि साधे होते, पण ते एकटे नव्हते. नियमित घरभेट, वजनाचा काटा, ऊब, आईचे दूध आणि प्रत्येक डोसाची नोंद हे सगळे सोबत होते. आज आशा कार्यकर्त्या याच धर्तीवर घरभेटी देतात. रुग्णालयात नेणे शक्यच नसेल तर परिचारिकेने जेंटामायसिन आणि अमॉक्सिसिलिन द्यावे, असे मार्गदर्शन केंद्र सरकारने 2014 साली केले.

दुसरी बाजू : औषधाला न जुमानणारे जंतू

दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत 2011 ते 2014 या काळात नवजात बाळांच्या सेप्सिसचा अभ्यास झाला. आजारातली दोनतृतीयांश प्रकरणे जन्मानंतरच्या पहिल्या 72 तासांतली होती. सर्वाधिक आढळलेल्या असिनेटोबॅक्टर या जंतूच्या 82 टक्के नमुन्यांवर अनेक प्रकारची अँटिबायोटिक्स निष्प्रभ ठरली. क्लेबसिएलामध्ये हे प्रमाण 54 टक्के होते. अशा वेळी मेरोपेनेम, कोलिस्टिन अशी राखीव औषधे काढावी लागतात. त्यांनाही जंतू दाद देईनासे झाले की हाती फारसे काही उरत नाही. खोकल्यासर्दीला घेतलेले, अर्धवट सोडलेले, दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेले प्रत्येक अँटिबायोटिक अशा जंतूंना बळ देते.

बाळालाही थेट त्रास होतो. विनाकारण लांबलेल्या औषधाने आतड्यातले उपयोगी जंतू मरतात. अशा बाळांमध्ये आतडे सडण्याचा गंभीर आजार आणि रक्तात बुरशी पसरणे हे धोके जास्त दिसतात.

औषध कोणी आणि कधी थांबवायचे?

बहुतेक जंतू 36 ते 48 तासांत ब्लड कल्चरमध्ये दिसतात. तोपर्यंत काही उगवले नाही आणि बाळही बरे असेल, तर डॉक्टर बहुधा अँटिबायोटिक बंद करतात. आईवडिलांना वाटते, डॉक्टरांनी आशा सोडली. तसे नसते, बाळाला औषधाची गरज उरलेली नाही, ही चांगली बातमी असते. जंतू सापडले तर सामान्यतः 7 ते 14 दिवस, आणि मेंदूच्या आवरणापर्यंत संसर्ग गेला असेल तर त्याहून जास्त दिवस उपचार चालतो. तेव्हा मात्र बाळ पिऊ लागले म्हणून तिसऱ्या दिवशी घरी घेऊन जाणे घातक ठरते. औषध थांबवायचा निर्णय तपासणी पाहून डॉक्टरांनी घ्यायचा. घाईने किंवा पैशाअभावी कुटुंबाने नव्हे.

आपण काय करू शकतो?

संसर्ग होऊच न देणे हे सर्वांत स्वस्त. बाळाला हात लावण्याआधी साबणाने हात धुणे, पहिल्या तासात चिकाचे दूध, नाळेला काहीही न लावणे, आणि आईच्या उघड्या छातीशी बाळाला बिलगवून ठेवणे, म्हणजेच कांगारू पद्धत. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि 2021 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, 1 ते 1.8 किलो वजनाच्या बाळांना जन्मताच अशी ऊब दिल्यावर, प्रकृती स्थिर होईपर्यंत थांबण्याच्या तुलनेत मृत्यू 25 टक्क्यांनी घटले.

सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधे आणि नेण्याआणण्याची सोय 2011 पासून मोफत आहे. पण आईसोबत दोन आठवडे राहणाऱ्या बापाची बुडालेली मजुरी, नातेवाइकांचे जेवण आणि घरी राहिलेल्या मुलांचा सांभाळ यांचा खर्च कुटुंबावरच पडतो. अनेकदा उपचार अर्धवट सुटतो तो याच कारणाने. म्हणून औषधांच्या खोक्यापेक्षा या दिवसांचा शिधा, प्रवासखर्च, साबण, थर्मामीटर, वजनाचा काटा आणि ऊबदार दुपटी यांसाठी दिलेली मदत जास्त उपयोगी पडते.

आणि एक अगदी साधी गोष्ट. मंडळीत कोणाकडे बाळ झाले की आपण प्रार्थनेला, भेटीला जातो. बाळ कमी दिवसांचे असेल तर पहिले काही आठवडे दारातूनच आशीर्वाद द्यावा, सर्दीखोकला असल्यास जाऊच नये, आणि बाळाचा मुका घेऊ नये. आईला मदत करायची तर तिच्या घरचे पाणी भरून द्यावे, स्वयंपाक करून द्यावा. त्या वेळात ती बाळाला छातीशी घेऊन बसू शकेल.