बिडाचा तवा आणि पितळेचे पातेले

घावन, आंबोळी किंवा धिरडे यांसारखे पातळ पिठाचे पदार्थ बिडाच्या तव्यावरून जसे जाळीदार होऊन अलगद सुटतात, तसे ते पातळ पत्र्याच्या तव्यावरून सहसा सुटत नाहीत, आणि याचे कारण पिठाइतकेच त्या तव्याच्या घडणीत व वर्षानुवर्षांच्या वापरात असते. बीड म्हणजे साच्यात ओतलेले लोखंड. त्यात कार्बनचे प्रमाण साधारण २ ते ४ टक्के असल्यामुळे ते ठिसूळ असते, म्हणून त्याची भांडी जाड ओतावी लागतात, आणि जाडीमुळेच ती उशिरा तापली तरी उष्णता धरून ठेवतात. थंड पीठ पडले तरी असा तवा एकदम निवत नाही.

नव्या तव्याला मात्र हा गुण पुरता आलेला नसतो. तव्यावर तेलाचा अगदी पातळ हात फिरवून तो चांगला तापवला, की तेलाचे रेणू हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने एकमेकांत गुंफले जातात आणि लोखंडाला घट्ट चिकटलेला काळसर, गुळगुळीत लेप तयार होतो. या क्रियेला रसायनशास्त्रात बहुवारिकीकरण म्हणतात. तेल जास्त झाले तर लेप चिकट राहतो, म्हणूनच अर्धा चिरलेला कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवण्याची कोकणातील रीत इतकी अचूक आहे. भाकरी-चपातीच्या कोरड्या, प्रखर आचेने हा लेप जळू शकतो; तेव्हा घावनाचा तवा वेगळा ठेवणाऱ्या घरांचा आग्रह अगदी रास्त म्हटला पाहिजे. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतल्यास बीड तडकते, आणि तो रात्रभर भिजत ठेवल्यास गंजतो. म्हणून निवल्यावर काथ्याने घासून, आचेवर कोरडा करून, तेलाचे बोट फिरवून तो ठेवावा.

लोखंडी कढईत परतलेले पिठले आणि त्याच्या तळाची खरपुडी यांची चव दुसऱ्या भांड्यात क्वचितच साधते. मात्र चिंच, कोकम किंवा टोमॅटो यांतील आम्ल तेलाचा लेप सैल करते व लोखंड पदार्थात उतरवते. त्याने शरीराला थोडे लोह मिळते हे खरे असले, तरी पदार्थ काळवंडतो आणि त्याला धातूची चव येते, म्हणून शिजलेला पदार्थ कढईत न ठेवता लगेच काढून घ्यावा.

तांब्या-पितळेच्या भांड्यांचा प्रश्न याहून नाजूक आहे. पितळ हा तांबे व जस्त यांचा मिश्रधातू असून, आंबट पदार्थाशी संबंध आला की त्यातील तांबे विरघळते आणि पदार्थ कळकतो, म्हणजे बेचव व अपायकारक होतो. यावरचा उपाय म्हणजे कल्हई, अर्थात आतील बाजूस दिलेला कथलाचा मुलामा. कल्हईवाला भांडे स्वच्छ घासून भात्याने फुलवलेल्या कोळशांवर तापवतो, त्यात नवसागराची पूड टाकतो, मग कथलाची कांडी टेकवून वितळलेला धातू कापसाच्या बोळ्याने झपाट्याने पसरवतो. तापलेल्या नवसागरातून निघणारे आम्ल पृष्ठभागावरील ऑक्साइडचा थर काढून टाकते, आणि उघड्या पडलेल्या धातूलाच कथील धरते; एरवी ते थेंबाथेंबांनी ओघळून जाईल. हे सारे काही क्षणांत, डोळ्यांच्या अंदाजाने साधणाऱ्या या कारागिराच्या कौशल्याची समाजाने पुरेशी कदर केली नाही.

कथील सुमारे २३२ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे कल्हईचे पातेले रिकामे आचेवर ठेवू नये. फोडणी वेगळ्या लोखंडी पळीत करून वरून ओतण्याची पद्धत अशा पातेल्यांना फार सोयीची ठरते. धारदार उलथने आणि तारेची घासणी यांनीही मुलामा खरवडला जातो. कथलात शिसे मिसळलेले नाही याची खात्री करून घेणे अत्यंत आवश्यक आहे, कारण शिसे विषारी असून ते अन्नात उतरते. आतून पिवळा किंवा तांबूस धातू दिसू लागला, की कल्हई पुन्हा करण्याची वेळ आली असे समजावे. तोवर त्या पातेल्यात कोरडे डाळ-तांदूळ साठवायला हरकत नाही, पण ताक, आमटी किंवा सोलकढी त्यात ठेवू नये.