कोपऱ्यात उभा राहणारा

कान्ह्याहून आत वळून इंद्रायणीचा पूल ओलांडला की टाकवे बुद्रुक येतं. आंदर मावळातल्या या गावात भातकापणी उरकली, की मोकळ्या जागेत फक्कीच्या रेषा पडतात आणि कंपनीची पहिली पाळी सुटलेली पोरं कबड्डीला उतरतात. संघ पाडताना एक वाक्य हमखास कानावर येतं: “याला चढाई जमत नाही, याला कोपऱ्यात उभा कर.”

हे वाक्य मला लागतं, कारण कोपरा म्हणजे उरलेल्याची जागा हा समजच मुळात चुकीचा आहे. नुसते गुण मोजून पाहा. चढाईपटू एका दमात तिघांना शिवून आला तर तीन गुण मिळवतो. बचावात चौघांनी मिळून त्याला दाबला तरी गुण एकच. बरं, पकड फसली आणि तो मध्यरेषेला बोट लावून सुटला, तर त्याच्याशी झटलेले सगळेच बाद. मदतीला धावलेला मध्यरक्षकही बाहेर, आणि आपला संघ समोरचा गडी बाद करेपर्यंत त्याला बाहेरच बसावं लागतं. एवढी महाग चूक असलेल्या जागेवर कच्चा गडी उभा करणं म्हणजे स्वतःच्या हातानं लोण ओढवून घेणं.

दुसरा समज ताकदीचा. बचावपटू म्हणजे आडदांड, बाकी डोकं चढाईवाल्याचं, असं सर्रास बोललं जातं. वरिष्ठ पुरुष गटात वजनाची मर्यादा 85 किलोची आहे, म्हणजे नुसत्या वजनावर फार काही निभत नाही. गळा आवळणं, तोंड दाबणं, कैची घालणं नियमात बसत नाही. धरायचं ते हातपाय किंवा धड. घोट्याची पकड करणारा कोपरारक्षक चढाईपटूच्या चेहऱ्याकडे पाहतच नाही, त्याची नजर पायांवर असते. बोनस रेषा ओलांडायला एक पाय पुढे गेला आणि सगळा भार मागच्या पायावर आला, तो अर्धा क्षण त्याचा. अलीकडे झेप घेतली तर पाय निसटतो, पलीकडे घेतली तर स्पर्श होऊन गेलेला असतो. शेजारी हात धरून उभा असलेला साखळीतला गडी त्याच क्षणी हलला नाही, तर धरलेला घोटाही सुटतो.

सगळ्यात अवघड असतं ते काहीच न करणं. चढाईला 30 सेकंद असतात. प्रो कबड्डीत लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘करो या मरो’ची, तीत गुण आला नाही तर चढाईपटूच बाद. म्हणून पहिल्या दोन चढायांना मागे सरकून जागा राखणारा बचाव भित्रा नसतो, तो समोरच्याला तिसऱ्या चढाईकडे ढकलत असतो. प्रेक्षकांतून “धर, धर!” ओरडणाऱ्यांना हे दिसत नाही.

बर्फावरच्या हॉकीतही हाच गैरसमज आहे, की बचावपटूनं धडका द्याव्यात. स्वीडनच्या निकलास लिडस्ट्रॉमनं तो खोटा ठरवला. अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या एकाच संघाकडून तो 20 हंगाम खेळला, चार वेळा स्टॅनले चषक जिंकला, आणि सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी त्यानं सात वेळा मिळवली. धडकेपेक्षा कुठे उभं राहायचं यावर त्याचा भर होता. 2012 मध्ये निवृत्त झाला तेव्हा तो 42 वर्षांचा होता.

वयाबद्दलही आपण असंच बोलतो: गुडघे गेले की बचाव संपला. तंजावरकडचा धर्मराज चेरलातन 1975 चा. जुलै 2016 मध्ये पाटणा पायरेट्सनं प्रो कबड्डी जिंकली तेव्हा हा उजवा कोपरारक्षक 41 वर्षांचा होता, आणि कर्णधारही तोच.

“तीनच उरले, आता गेलो” हे तर प्रत्येक मैदानावर ऐकू येतं. वस्तुस्थिती अशी, की तीन किंवा त्याहून कमी गडी असताना केलेली पकड ही अव्वल पकड, तिला दोन गुण. शिवाय सहापेक्षा कमी बचावपटू असले की चढाईवाल्याला बोनसही मिळत नाही. मोठे संघ पिछाडीवरून वर येतात ते बऱ्याचदा याच वाटेनं.

राहिला पैसा आणि परदेशी. 2014 मध्ये पहिल्या प्रो कबड्डीच्या लिलावात सर्वाधिक बोली 12 लाख 80 हजारांची होती. 2023 मध्ये पुणेरी पलटणनं इराणच्या मोहम्मदरझा शादलूसाठी 2 कोटी 35 लाख मोजले. तो मुख्यतः डाव्या कोपऱ्याचा खेळाडू. त्याच हंगामात, 1 मार्च 2024 रोजी, पलटणनं हरियाणा स्टीलर्सला 28-25 हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं. त्याआधी पलटणचं कर्णधारपद फझल अत्राचलीकडे होतं, तोही इराणचा, तोही डावा कोपराच.

इराणचं नाव निघालं की आपल्याकडे अजून कुणीतरी म्हणतं, कबड्डी आपली, त्यांना काय येतं! 1990 पासून आशियाई स्पर्धेतलं पुरुषांचं प्रत्येक सुवर्ण भारताचं होतं. 2018 मध्ये जकार्तात उपांत्य फेरीत इराणनं आपल्याला 27-18 रोखलं. आपले नावाजलेले चढाईपटू 18 गुणांवर अडकले, ते त्यांच्या बचावापुढे. त्या भारतीय संघात महाराष्ट्राचा गिरीश एर्नाक होता, डाव्या कोपऱ्याचा. ब्राँझ घेऊन परतलेल्या संघातला असला, तरी मावळातल्या पोरांनी त्याच्या पकडी पाहाव्यात असं मला मनापासून वाटतं. आपल्याच मातीतला माणूस हे काम कसं करतो ते त्यांत दिसतं.

मुलींच्या खेळात बचाव कमजोर असतो, हाही एक समज. 7 ऑक्टोबर 2023 रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारतीय महिलांनी चायनीज तैपेईला हरवून सुवर्ण जिंकलं. भारताचं त्या स्पर्धेतलं ते शंभरावं पदक. कर्णधार होती हिमाचलची रितू नेगी, बचावपटू. संघात महाराष्ट्राच्या स्नेहल शिंदे आणि सोनाली शिंगटे होत्या. गुणफलक होता 26-25, म्हणजे अंतर एका पकडीएवढं.