माजी सैनिकांच्या औषधोपचाराचा हिशेब

माजी सैनिकांच्या औषधोपचारावर शासनाने किती खर्च करावा, यापेक्षा तो कसा करावा, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. 1 एप्रिल 2003 रोजी सुरू झालेल्या माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेत, 2017 च्या अखेरीस ठरलेल्या दरांनुसार, जवान व हवालदार 30,000 रुपये, तर अधिकारी 1,20,000 रुपये एकदाच भरतो आणि पती-पत्नीस हयातभर उपचार मिळतात. प्राथमिक तपासणी योजनेच्या पॉलिक्लिनिकात होते. तेथून चिठ्ठी मिळाली की रुग्ण मान्यताप्राप्त खाजगी रुग्णालयात जातो आणि बिल शासन भरते.

वर्धा जिल्ह्यातील आडगावात राहणाऱ्या जवानाच्या विधवेचा हिशेब मात्र याहून निराळा असतो. नागपूर वर्ध्यापासूनच सुमारे 75 किलोमीटर. तिचे एसटीचे भाडे आणि सोबत आलेल्या मुलाची बुडालेली मजुरी कोणत्याही सरकारी खात्यावर पडत नाही. खर्च वाचत नाही, तो केवळ तिच्या पदरात जातो.

वर्ध्यालगत सावंगी (मेघे) येथे 1990 मध्ये वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय त्याला जोडलेले आहे. अशा संस्थेत अध्यापक, निवासी डॉक्टर व प्रयोगशाळा असतातच, आणि विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी रुग्ण हवेच असतात. बाह्यरुग्ण विभागात आणखी काही माणसे तपासल्याने तिचा खर्च फारसा वाढत नाही. तेव्हा नेहमीच्या तपासणीचे कंत्राट जवळच्या शिक्षण-रुग्णालयांना देणे शासनालाही परवडेल आणि रुग्णालाही.

मात्र प्रत्येक तपासणीचे वेगळे बिल द्यावयाचे ठरले, तर तपासण्या वाढविण्यातच रुग्णालयाचे हित राहील. महालेखापरीक्षकांनी 2015 च्या अहवालात रुग्णालयांना दिल्या गेलेल्या जादा रकमा आणि पॉलिक्लिनिकांतील औषधांची टंचाई, या दोहोंवर बोट ठेवले होते. म्हणजे एकीकडे पैसा वाहून जातो आणि दुसरीकडे रक्तदाबाची गोळी मिळत नाही.

यावरचा तोडगा याच जिल्ह्याला अपरिचित नाही. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने 1980 च्या दशकात सुगीला कुटुंबागणिक ज्वारी घेऊन आरोग्य विम्याचा प्रयोग केला होता. वर्षाची रक्कम आधीच ठरली की माणूस निरोगी राहण्यात रुग्णालयाचाही लाभ होतो. शासनाने त्याच तत्त्वावर दर कुटुंबामागे ठरावीक वार्षिक रक्कम द्यावी, ती वेळेवर द्यावी आणि औषधांचा साठा दरमहा तपासावा. पैसा किती वाचला, याबरोबरच किती वृद्धांची पायपीट वाचली, हेही हिशेबाच्या वहीत लिहिले गेले पाहिजे.