६१७४ आणि संगणकाचे फासे

महापालिकेच्या प्रभागांचे आरक्षण ठरवायचे असते तेव्हा सभागृहात डबा ठेवतात आणि बहुधा शाळकरी मुलांच्या हातून चिठ्ठ्या काढून घेतात. मिरा रोडची घरे म्हाडाच्या कोकण मंडळाच्या सोडतीत आली तेव्हा मात्र चिठ्ठ्याही नव्हत्या आणि मुलेही नव्हती. नावे संगणकाने काढली. शिक्षण हक्क कायद्याखालच्या २५ टक्के जागांचे प्रवेशही असेच होतात. यात एक पेच आहे. एकच हिशेब हजार वेळा घातला तरी हजार वेळा तेच उत्तर देणे हा संगणकाचा धर्म. अशा यंत्राने कौल लावायचा कसा?

बहुतेक वेळा तो कौल लावतच नाही, गणित करतो. एका संख्येवर ठरावीक क्रिया करून दुसरी मिळवायची, दुसरीवर तीच क्रिया करून तिसरी, आणि पाहणाऱ्याला त्या रांगेत काही क्रम दिसू द्यायचा नाही. या छद्म-यादृच्छिक संख्या. रांग जिच्यापासून सुरू होते ती संख्या म्हणजे बीज.

यातली सर्वांत जुनी कृती जॉन व्हॉन न्यूमन यांची. अणुस्फोटाच्या हिशेबांसाठी त्यांना एनिॲक संगणकावर असंख्य यादृच्छिक संख्या हव्या होत्या. १९४९ साली लॉस एंजलिसच्या एका परिषदेत त्यांनी ती मांडली: संख्येचा वर्ग करा, मधले अंक उचला, पुन्हा वर्ग करा. बीज म्हणून ते सालच घेऊ. १९४९ चा वर्ग ०३७९८६०१, मधले चार अंक ७९८६. त्याचा वर्ग ६३७७६१९६, म्हणून पुढची संख्या ७७६१. मग २३३१, ४३३५, ७९२२, ७५८०, ४५६४. इथपर्यंत कोणालाही फसवील अशी रांग आहे. पुढे ८३००, ८९००, २१०० येतात आणि घात होतो: २१०० वरून ४१००, मग ८१००, मग ६१००, आणि परत २१००. यंत्र कितीही वेळ चालवा, याच चार संख्या फिरत राहतात. ३७९२ हे बीज घेतले तर त्याहून वाईट गत. त्याचा वर्ग १४३७९२६४. मध्ये पुन्हा ३७९२ च. व्हॉन न्यूमन यांना हा दोष माहीत होता, पण कृती झटपट होती आणि बिघडली की लगेच डोळ्यांत भरत असे.

त्याच १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत देवळालीचे एक शाळामास्तर चार अंकी संख्येचीच दुसरी कृती सांगत होते. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ चा, डहाणूचा. कापरेकरांचे शालेय शिक्षण ठाण्यात झाले, पुढचे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. १९३० ते १९६२ ते देवळालीला शिकवत होते. त्यांची कृती अशी: अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच करा. १९४९ घेतले तर ९९४१ वजा १४९९ म्हणजे ८४४२. पुढे ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि मग ६१७४. ६१७४ वर कृती करा, ६१७४ च येते. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फार तर सात पायऱ्यांत ती इथे येऊन थांबते. १९४९ ला नेमक्या सात लागतात, हा निव्वळ योगायोग. पोरखेळ म्हणून नाक मुरडणारे विद्वान तेव्हाही होते. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये कापरेकरांवर लिहिले आणि मग जगाला त्यांचे नाव कळले.

माझ्या मते दोन्ही कृतींचे मूळ एकच आहे. चार अंकी संख्या ०००० धरून दहा हजारच. ठरावीक नियमाने चालणारी रांग कधीतरी आधीच्या संख्येवर येणार, आणि आली की पुढचे सगळे ठरलेले. प्रश्न एवढाच की ती किती लवकर येते. कापरेकरांच्या वजाबाकीत ९,९९० संख्या पहिल्याच पायरीला अवघ्या ५४ उत्तरांत कोंबल्या जातात, कारण उत्तर फक्त दोन फरकांवर अवलंबून असते: सर्वांत मोठा व सर्वांत लहान अंक यांच्यातला आणि मधल्या दोन अंकांतला. इतकी माहिती सांडल्यावर सगळ्या वाटा एकत्र येणारच. कापरेकरांना जे गवसल्याचा आनंद झाला, तीच यादृच्छिक संख्या बनवणाऱ्याची डोकेदुखी.

कृती किचकट केली म्हणून सुटका होत नाही. डोनाल्ड कनूथ यांनी १९५९ साली दहा अंकी संख्येसाठी मुद्दाम इतकी गुंतागुंतीची कृती रचली की वाचणाऱ्याला काही उमगू नये. पहिल्यांदा चालवली तेव्हा ती ६०६५०३८४२० वर जाऊन बसली आणि तिथून हललीच नाही. थोडक्यात, त्यांनाही त्यांचा ६१७४ भेटला.

उपाय सोपा निघाला, आणि तोही १९४९ चाच. डी. एच. लेमर यांनी सुचवले: आठ अंकी संख्येला २३ ने गुणा, १०,००,००,००१ ने भागा, उरलेली बाकी ही पुढची संख्या. यात दोन वाटा कधी एक होत नाहीत. प्रत्येक संख्येच्या मागे एकच संख्या असते. त्यामुळे ५८,८२,३५२ पायऱ्यांनंतरच रांग सुरुवातीला येते. गुणक मात्र जपून निवडावा लागतो. १९६० च्या दशकात आयबीएमच्या यंत्रांवर रुळलेल्या ‘रँडू’ या कृतीच्या लागोपाठच्या तीन-तीन संख्या घेऊन अवकाशात बिंदू मांडले, तर ते सगळे अवघ्या १५ समांतर प्रतलांवर पडतात. १९९८ साली प्रसिद्ध झालेली मात्सुमोतो आणि निशिमुरा यांची ‘मर्सेन ट्विस्टर’ कृती आज पायथन भाषेत वापरतात. तिच्या आवर्तनाची लांबी लिहायला ६,००२ अंक लागतात. तरीही तिच्या सलग ६२४ संख्या हाती आल्या की पुढची प्रत्येक सांगता येते. म्हणून ओटीपी किंवा बँकेच्या सांकेतिक किल्ल्यांसाठी ती चालत नाही. तिथे गुप्तलेखनासाठी खास रचलेल्या कृती लागतात, आणि त्यांचे बीज चिपमधल्या विद्युत गोंगाटातून, कळफलक व डिस्कच्या वेळांतल्या बारीक फरकांतून गोळा करतात.

बीज कोणाला आधी कळले तर काय होते, हे अमेरिकेत एडी टिप्टन यांनी दाखवून दिले. ते लॉटरी चालवणाऱ्या संघटनेत संगणक-सुरक्षेचेच प्रमुख होते. वर्षातल्या मोजक्या तारखांना सोडत ठरावीक वारी आणि रात्री आठनंतर निघाली, तर अंदाज बांधता येईल असेच आकडे यावेत, अशी ओळ त्यांनी प्रोग्रॅममध्ये घातली होती. तपास करणाऱ्यांनी विस्कॉन्सिनचे जुने यंत्र मिळवले, त्यातले घड्याळ २९ डिसेंबर २००७ वर लावले आणि सोडत पुन्हा काढली. त्या रात्री बक्षीस लागले होते तेच आकडे बाहेर आले. २०१७ साली टिप्टन यांनी गुन्हा कबूल केला आणि त्यांना २५ वर्षांपर्यंतची कैद झाली.