घर एकच, भाव दोन: लोनवाला आणि रोखीवाला

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतोय.

पेठ वडगावात फ्लॅट किंवा जुनं घर बघायला गेलात की भाव ठरायच्या आधी एक प्रश्न येतो. "लोन करणार का रोखीनं घेणार?" उत्तर काय येतंय त्यावर पुढचा आकडा हलतो. असं का होतं, आणि लोनवाल्यानं काय करायचं, ते आज बघू.

आधी एक गोष्ट. रोखीवाला म्हणजे नोटांची पिशवी घेऊन आलेला माणूस असं धरू नका. बँकेचं कर्ज न काढता स्वतःच्या पैशातून घेणारा तो रोखीवाला, मग पैसे आरटीजीएसनं दिले तरी. गावाकडची जमीन विकून आलेलं कुटुंब, बाजारपेठेतला जुना दुकानदार, हे बहुतेक रोखीवाले. शिरोली एमआयडीसीत पगारावर असलेला मुलगा बहुतेक लोनवाला.

विकणारा काय हिशोब करतो?

समजा, मालक म्हणाला, "लोन असेल तर ३० लाख, रोखीनं साडेअठ्ठावीस." फरक दीड लाखाचा. लोनला दोन महिने लागतील असं धरू. ३० लाख रुपये ७ टक्क्यांनी बँकेत ठेवले तर दोन महिन्यांचं व्याज होतं साधारण ३५ हजार. म्हणजे नुसत्या थांबण्याची किंमत ३५ हजार. मग वरचे १ लाख १५ हजार रुपये कशाचे?

ते भीतीचे. बँकेच्या वकिलानं कागदात खोट काढली तर? व्हॅल्युअरनं किंमत कमी लावली तर? पोरानं नोकरी बदलली तर? दोन महिने घर अडकणार आणि शेवटी व्यवहार मोडणार.

हे फक्त आपल्याकडंच नाही. अमेरिकेत मायकेल रेहर आणि रोसेन वाल्कानोव्ह या दोन अभ्यासकांनी १९८० ते २०१७ मधले घरांचे व्यवहार तपासले. लोनवाले रोखीवाल्यांपेक्षा सुमारे ११ टक्के जास्त मोजत होते. त्यांच्या गणितानं उशीर आणि धोका धरूनही ३ टक्के पुरेसे होते. म्हणजे तिथंही विकणारा गरजेपेक्षा जास्त घाबरतो.

आणि तो दीड लाखही कर्जातूनच दिला तर? साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांत त्याचे होतात ३ लाख १२ हजार.

'थोडे नंबर दोनचे द्या'

इथं लोनवाला खरा अडकतो. मालक म्हणतो, "३० लाखच, पण खरेदीखत २२ लाखांचं करू." रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ३० लाखांपर्यंतचं कर्ज घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के मिळतं. पूर्ण किंमत कागदावर असेल तर २७ लाखांपर्यंत कर्ज, घरचे ३ लाख. कागदावर २२ लाख असतील तर कर्ज जास्तीत जास्त १९ लाख ८० हजार, आणि घरचे १० लाख २० हजार! त्यातले ८ लाख नोटांत, पावतीशिवाय. वर स्टँप ड्युटी आणि नोंदणी फी वेगळी. उद्या तुम्ही घर विकलंत तर नफा २२ लाखांपासूनच मोजला जाणार. हे बेकायदेशीर तर आहेच, पण लोनवाल्याला परवडतसुद्धा नाही.

स्वस्त गुंठा

काही मिळकती फक्त रोखीवाल्यालाच विकता येतात. एन.ए. नसलेल्या शेतजमिनीतला नोटरीवरचा गुंठा, परवान्याविना चढवलेला मजला, चार भावांची नावं असताना एकच भाऊ विकतोय असं घर. बँक हात लावत नाही, गिऱ्हाईक कमी, म्हणून भाव कमी. पण लक्षात घ्या, उद्या तुम्ही विकायला काढाल तेव्हाही लोनवाला येणार नाही. घेताना स्वस्त, तशी विकतानाही स्वस्त. बँकेनं "नाही" म्हटलं तर चिडू नका, कारण विचारा. तो तुमच्या फायद्याचा सल्ला असतो.

मग लोनवाल्यानं काय करायचं?

थांबण्याची किंमत तुम्ही कमी करू शकत नाही. भीतीची करू शकता.

१. घर बघायच्या आधीच पगाराच्या स्लिपा आणि बँक स्टेटमेंट देऊन, आपल्याला किती कर्ज मिळेल याचं पत्र बँकेकडून घ्या. भावाची बोलणी करताना ते पुढं ठेवा.

२. विसार द्यायच्या आधी मिळकत पत्रिका किंवा सातबारा, मागची खरेदीखतं, बांधकाम परवाना आणि घरपट्टीची पावती मागा. ती बँकेच्या वकिलाला दाखवा. मालकाच्या कर्जाचा बोजा आहे का, तेही बघा.

३. साठेखतात तारीख लिहा. मिळकतीच्या कागदांमुळं कर्ज नाकारलं गेलं तर विसार परत, हेही लिहा.

४. विसार चेकनं किंवा ऑनलाइनच द्या. १ जून २०१५ पासून घरजमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला आयकर कायद्यानं बंदी आहे, आणि घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. हे मालकाला शांतपणे सांगा. बऱ्याचदा त्याला माहीतच नसतं.

एवढं करून गेलात तर म्हणा, "मामा, कागद तपासून झालेत, बँकेचं पत्र हे बघा, फक्त दोन महिने द्या. थांबायचे ३५ हजार मी देतो, दीड लाख कशाला?" तो सगळे सोडेल असं नाही. पण बोलणी ३५ हजारापासून सुरू होतील, दीड लाखापासून नाही.

घर बघायला निघालेला एखादा मित्र असेल तर त्याला हा एपिसोड आजच पाठवा, विसार द्यायच्या आधी. भेटू पुढच्या भागात!