तळणीचे तेल : निवड आणि वापर

कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बेंगळूरुच्या बसवनगुडी भागात ‘कडलेकाई परिषे’ भरते. नंदीच्या देवळाभोवतीचे रस्ते भुईमुगाच्या शेंगांच्या ढिगांनी भरून जातात. कन्नड घरातला कोडुबळे असो की इथल्या मराठी घरातली चकली, दोन्ही पूर्वापार शेंगदाण्याच्या तेलातच तळली जात. आज मात्र दुकानात सूर्यफूल, सोयाबीन, करडई, राईस ब्रान अशा पिशव्यांची रांग असते आणि बहुतेकींवर हृदयाचे चित्र छापलेले असते. घरात कुणाला हृदयविकार असेल, तर गृहिणीचा हात कोणत्या पिशवीकडे जावा?

याचे उत्तर तेल कशासाठी हवे यावर अवलंबून आहे. फोडणीत तेल क्षणभर तापते. तळणीत ते १७० ते १८० अंश सेल्सिअसवर बराच वेळ राहते. सूर्यफूल आणि करडई यांच्या नेहमीच्या तेलांत लिनोलेइक आम्लाचे प्रमाण फार मोठे असते. हे आम्ल शरीराला आवश्यक आहे, परंतु उष्णतेत व हवेत ते लवकर बिघडते. शेंगदाणा तेलातील जवळपास निम्मा भाग ओलेइक आम्लाचा असतो व ते अधिक टिकाऊ असते. राईस ब्रान तेलही या बाबतीत बरे. म्हणून तळणीसाठी रिफाइंड शेंगदाणा किंवा राईस ब्रान आणि रोजच्या भाजीला आलटूनपालटून सूर्यफूल वा करडई, अशी वाटणी आम्हाला सयुक्तिक वाटते. एकाच तेलावर विसंबू नये, हा सल्ला हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही दिलेला आहे.

पाम तेल कढईत चांगले टिकते आणि स्वस्तही असते, म्हणून ते व्यावसायिकांच्या पसंतीस उतरते. पण त्यातील सुमारे निम्मी चरबी संपृक्त असते. कढईत टिकणारे ते रक्तवाहिन्यांना मानवतेच असे नाही. बेंगळूरुत अलीकडे लाकडी घाण्याच्या तेलाची दुकाने पुष्कळ झाली आहेत. (कन्नडमध्ये घाण्याला ‘गाण’ म्हणतात.) त्या तेलाला सुगंध उत्तम, परंतु ते लवकर धूर सोडते, ते चटणीला आणि फोडणीलाच शोभते. शेंगांना बुरशी लागली असेल तर अफ्लाटॉक्सिन हे विष घाण्याच्या तेलात उतरू शकते, तेव्हा दुकानदार दाणे कसे निवडतो हे एकदा अवश्य पाहावे.

तेल कोणतेही असो, खरा अपाय ते पुनःपुन्हा तापविल्याने होतो. तापलेल्या तेलात ध्रुवीय संयुगे साठत जातात. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या पुढे गेल्यास ते तेल वापरू नये, असा नियम भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून लागू केला. घरी हे मोजता येत नाही. तेल काळपट व दाट झाले, फेस मावेनासा झाला, खवट वास आला की ते गेले असे समजावे. तळून उरलेले तेल गाळून दोन दिवसांत भाजीला वापरावे, पुन्हा तळणीला घेऊ नये. तळाशी राहिलेला पिठाचा चुरा आणि मीठ तेल लवकर खराब करतात. म्हणून प्रत्येक घाण्यानंतर झाऱ्याने चुरा काढावा.

तेल पुरेसे तापण्याआधी वडा सोडणे हीदेखील नेहमीची चूक. वड्यातल्या पाण्याची वाफ जोराने बाहेर पडत असते तोवर ती तेलाला आत शिरू देत नाही. तेल कोमट असेल तर वाफ मंदावते आणि वडा तेल पितो. एक ग्रॅम तेलातून ९ कॅलरी मिळतात, हे ध्यानात घेतले म्हणजे टिपकागदावर वडे निथळत ठेवण्याचे महत्त्व कळते. कढई लहान आणि खोल घ्यावी, म्हणजे तेल कमी लागते आणि सणानंतर उरतेही कमी.