एकाच घरातल्या दोन कट्यारी वेगळ्या का?

अंकुशनगरच्या एका विद्यार्थ्याने मोबाइलवर फोटो दाखवला. "सर, परदादांच्या दोन कट्यारी आहेत. एकीचं पातं रिवेटने जोडलेलं, दुसरी अखंड. घ्यायला आलेला माणूस म्हणतो, रिवेटवाली नकली, भंगाराच्या भावात द्या."

एवढ्यावरून नकली ठरत नाही. दख्खनमध्ये कट्यार साच्यातून निघत नसे, हाताने घडवली जाई. 16व्या-17व्या शतकात युरोपातली तलवारीची पाती आपल्या बंदरांवर उतरत. अशा पात्याची तलवार म्हणजे फिरंग. तसल्याच पात्याचा तुकडा कापून कट्यारीच्या मुठीला रिवेटने ठोकत. म्हणजे रिवेट उलट जुनेपणाची खूणही असू शकते! तंजावरच्या शस्त्रागारातल्या अनेक कट्यारींना तर हाताच्या पाठीवर पानासारखं कवचही आहे. काही कट्यारींचं टोक मुद्दाम जाड ठेवलेलं असतं, चिलखताच्या कड्या फोडायला. मूठ दाबली की कात्रीसारखी उघडून तीन पाती होणारी कट्यार मात्र बहुतेक नंतरची, हौसेची.

पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसली तर त्याला उर्दूत जौहर म्हणतात. खऱ्या फौलादात तो आतपर्यंत असतो, नकलीत ॲसिडने वरवर काढलेला. म्हणून चिंच, राख, पॉलिश पेपर यांनी घासून चकचकीत करू नका. हलकं तेल पुरे.

100 वर्षांहून जुनी वस्तू 1972च्या पुरावशेष कायद्यात येते, तिला खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही. पातं 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद असेल तर शस्त्र कायद्याबद्दल आधी वकिलाला विचारा. आणि फोटो कोणालाही फॉरवर्ड करू नका.